तीजाच्या आठवड्यातला स्लॅब

मिक्सर फिरत होता आणि त्यात काहीच नव्हतं. भोजराजनं तो नुसता चालवून बघायला सुरू केला होता आणि आता बंद करायचं भान त्याला उरलं नव्हतं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात उदबत्तीचा पुडा घेऊन तो गोदामाच्या भिंतीपाशी उभा होता आणि रस्त्याकडे डोळे लावून बसावं तसा बघत होता. रस्त्यावर एक निवांत बैल सोडला तर कोणी नव्हतं.

मिस्त्री सावलीत बिड्या ओढत होते. सेंट्रिंग ठोकून झालेलं होतं, वर सळ्या बांधून तयार होत्या, गिट्टी आणि रेतीचे ढीग लागलेले होते, सिमेंटच्या थैल्या ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. आभाळसुद्धा अगदी निरभ्र होतं, आणि भाद्रपदात ते तसं असणं म्हणजे मेहेरबानीच. फक्त रेजा नव्हत्या. रेजा म्हणजे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका. स्लॅबच्या दिवशी मिक्सरपासून वरपर्यंत त्यांची रांग लागते, घमेलं या हातातून त्या हातात चढत जातं. ती रांग नसेल तर सिमेंट, सळ्या, मिस्त्री आणि नारळ यांचं मिळून काहीही होत नाही.

भोजराजनं आपल्या साकोलीछाप हिंदीत मुकादमाला विचारलं, की बायका कुठं आहेत. समारू मुकादमानं बिडी विझवली. सकाळ आहे, सूर्य उगवलाय, असं सांगावं इतक्या सहज तो म्हणाला,

"तीजा हे ना, साहेब."

भोजराजनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. कारण मी पावसाचा धोका धरला होता.

मी तिथे काय करत होतो ते सांगायला हवं. भोजराज माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. साकोलीत शाळेच्या खोल्या, रस्त्यावरचे पूल, कोणाचं घर, कोणाचं दुकान अशी लहानसहान कामं तो करायचा. शेजारी छत्तीसगड हे नवं राज्य होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि भोजराजला त्या राज्यानं झपाटलं होतं. नव्या राज्यात सगळंच नव्यानं बांधावं लागणार, असं तो म्हणायचा. कचेऱ्या बांधाव्या लागणार, गोदामं, कॉलन्या, शाळा बांधाव्या लागणार, आणि आपण सीमेपासून जीपनं तासाभरावर बसून इथं गटारी बांधतोय. त्याला तिकडं स्वतःची कंपनी काढायची होती. त्यासाठी मिक्सर, सेंट्रिंगचं सामान, राहायला जागा असं सगळं लागणार होतं आणि ते येणार होतं सासऱ्यांचं धानाचं शेत विकून.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो आणि सासूबाईंना मामीजी. ते शेत बोडीखालचं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं शेततळं. मामीजी लग्न होऊन आल्या त्या पावसाळ्यात पहिली रोवणी त्यांनी त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, केली होती आणि पुढंही कुठलं वर्ष चुकवलं नव्हतं. शेत विकायचं मामाजींच्या मनात नव्हतं. पण एकुलत्या एका मुलाला तोंडावर नाही म्हणायचं तर त्यांची जीभ रेटत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक माझ्या खांद्यावर ठेवली.

"जवाईबापू इन्शुरन्समध्ये आहेत," त्यांनी पोळ्याच्या दिवशी सगळ्यांदेखत जाहीर केलं. "लोकायचे धोके काढणं हेच त्यायचं काम. ते तिकडं जाऊन पाहून येतील. ते हो म्हणाले तर विकू, नाही म्हणाले तर विषय बंद."

मी तेव्हा नागपुरात विमा कंपनीत सर्वेअर होतो. गोदाम जळेल का, छत गळेल का, ट्रक उलटेल का, एवढंच दिवसभर बघायचं. या धंद्यात पंधरावीस वर्षं काढली की माणूस लग्नाच्या मांडवात गेला तरी आधी वायरिंग बघतो. त्यामुळं मामाजींची निवड चुकली नव्हती. मी नाही म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या बायकोला, इंद्रकलेलाही ठाऊक होतं, तरी तिनं रात्री मला पुन्हा बजावलं. "आईचं शेत आहे ते," ती म्हणाली. "ती बोलणार नाही. तुम्ही बोला." भोजराजलाही बहुतेक ठाऊक असावं, कारण त्या दोन दिवसांत त्यानं माझी जी बडदास्त ठेवली तशी माझ्या लग्नातसुद्धा कोणी ठेवली नव्हती.

राजनांदगावजवळच्या चंद्राकर नावाच्या राइस मिलमालकानं त्याला परीक्षा म्हणून एका गोदामाचा स्लॅब दिला होता. तो नीट पडला तर पुढची सगळी गोदामं भोजराजकडे. म्हणजे एकाच स्लॅबवर दोन परीक्षा होत्या: चंद्राकर भोजराजची घेणार आणि मी त्या राज्याची.

तारीख भोजराजनं स्वतः काढली होती, आणि तिचा त्याला फार अभिमान होता. येताना जीपमध्ये त्यानं मला ती समजावून सांगितली. पोळ्याला गडी कामावर येत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हाही येत नाहीत. आणि गणपती बसले की पुढं कोणाचाच भरवसा नाही. म्हणून शहाण्या ठेकेदारानं पोळा आणि गणपती यांच्यामधली फट पकडावी. आमच्या भागातले सगळे ठेकेदार ती पकडतात. त्या फटीत मजूर हमखास मिळतो.

"लेबरचा धोका तुम्ही धरूच नका, भाऊजी," तो म्हणाला होता. "त्या राज्यात लेबरची खाण आहे."

मी धरला नव्हता. जमिनीचा धरला, कारण तिथली काळी माती पावसात फुगते. सिमेंट चोरीला जाण्याचा, बिलं अडकण्याचा, साहेबलोकांचा, नदीच्या पुराचा, सगळ्यांचा धरला. साकोलीतून निघताना मामीजी परसातल्या वेलीवरची कारली तोडत होत्या, ते पाहून मात्र मला हायसं वाटलं होतं. वर्षातून एकदा, पोळा झाला की, मामीजींना कारल्याची लहर यायची. दुसरी भाजी नाही, वरण नाही, नुसता भात आणि कारलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्यात सापडलो होतो. नवा जावई म्हणून मला दुप्पट वाढलं होतं. तेव्हा इंद्रकला कानात म्हणाली होती, "खा मुकाट्यानं. आईले लहर येते." यंदा मी त्या दिवशी परराज्यात असणार होतो. त्या राज्याच्या बाजूनं तेवढा एक मुद्दा मी मनात नोंदवून ठेवला.

आणि आता समारू सांगत होता, की तीजा आहे.

तीजा म्हणजे आपली हरतालिका. भोजराजला ती माहीत होती. बायका एक दिवस उपास करतात, वाळूची पिंड करतात, संपलं. तो समारूला म्हणाला, की अरे, पण तो दिवस उद्या आहे. आज काय झालं? समारूनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. पोरा, म्हणजे आपला पोळा, झाला की बायका माहेरी जातात, तो म्हणाला. त्यांचे भाऊ येतात न्यायला. पाचसहा दिवस त्या माहेरीच राहतात, लुगडं घेतात आणि मग येतात. सगळ्याच. त्याची स्वतःचीही गेली होती आणि तो काल रात्रीपासून मुरमुऱ्यांवर होता.

"मग काल मले काहून नाही सांगितलं?" भोजराज हिंदी विसरला.

समारूला मराठी येत नव्हती पण प्रश्न कळला. तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्ही बायका महाराष्ट्रातून आणणार. नाहीतर तीजाच्या आठवड्यात स्लॅब कोण ठेवतं?"

मी लपवत नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. नकाराचं इतकं भक्कम कारण आयतं चालून येईल असं मला वाटलं नव्हतं. मामाजींना सांगायचं वाक्यसुद्धा मनात तयार झालं.

भोजराज मात्र असा ऐकणारा नव्हता. त्यानं मिस्त्र्यांना घमेली उचलायला सांगितली. मिस्त्री हसले. मिस्त्री थापी धरतो, घमेलं धरत नाही, हे साऱ्या जगात ठरलेलं आहे. मग त्यानं स्वतःच शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि रेतीचं घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढून दाखवली. माझ्याकडे वळून म्हणाला, "या, भाऊजी." मी नाइलाजानं एक घेतलं. तिसऱ्या पायरीवर माझी टोपी, चष्मा आणि अर्धी रेती खाली आली. मिस्त्र्यांनी फार आदरानं मला पाणी दिलं. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्येच थांबवता येत नाही, सांधा राहतो आणि तिथंच गळतो. हे मी भोजराजला सांगितलं आणि ते त्यालाही माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळून तो टाकला असता तर दिवाळीला पूर्ण झाला असता.

तेवढ्यात चंद्राकर आले. गोरेपान, पोट सुटलेले, हसरे गृहस्थ. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पोट धरून हसले. त्यांची बायको कालच दुर्गला माहेरी गेली होती आणि ते मिलच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते. "राज्यातले निम्मे लोक आता उपाशी आहेत, ठेकेदारसाहेब," ते म्हणाले. "तुमचा स्लॅब कुठून पडतोय!" मग गंभीर होऊन एवढंच म्हणाले, की काम करायला येणाऱ्याला आमच्याकडची माणसं माहीत असावीत. ते मिलकडे निघून गेले. त्या वाक्यानं भोजराजचं तोंड उतरलं. स्लॅब पुढं ढकलता आला असता, पण परीक्षेत तो आधीच खाली बसला होता.

तरी त्यानं जीप काढली. बायका माहेरी गेल्या म्हणजे कुठल्या ना कुठल्या गावातच गेल्या ना, असं त्याचं गणित होतं. या गावच्या सुना गेल्या असतील तर या गावच्या लेकी आल्या असतील. बायका तेवढ्याच. दुप्पट मजुरी देऊ, म्हणाला.

गणित बरोबर होतं. आम्ही शिवनाथ नदी ओलांडली आणि पहिल्याच गावात बायकाच बायका दिसल्या. अंगणाअंगणात बसलेल्या, एकमेकींच्या डोक्याला तेल घालणाऱ्या, पायाला लाल रंग लावलेल्या, मोठ्यानं हसणाऱ्या. भोजराज जीपमधून उतरून एका म्हाताऱ्याला म्हणाला, की रेजा पाहिजेत, स्लॅब आहे, दुप्पट मजुरी. म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवला, कारण त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यानं विचारलं, "आमच्या लेकींना कामाला लावू? तीजाला आलेल्या?" त्याचा आवाज मोठा नव्हता. पण आजूबाजूचं हसणं थांबलं. आम्ही जीपमध्ये बसलो आणि पुढच्या गावाला गेलो, आणि तिथं भोजराजनं विचारलंच नाही.

अमलीडीह नावाच्या त्या पुढच्या गावात मात्र आम्हाला हाक आली. "ए ठेकेदारसाहेब!" पाहतो तर केजाबाई. चंद्राकरांच्या कामावरच्या रेजांची ही म्होरकी. पंधरा दिवसांपूर्वी भिंतींचं काम चालू असताना भोजराजनं तिला पाहिलं होतं तेव्हा ती पदर खोचून, सिमेंटनं पांढरी होऊन, त्याला "जी साहेब, जी साहेब" करत होती. इथं ती भावाच्या अंगणात खाटेवर पाय सोडून बसली होती आणि तिची भावजय तिच्या हातात चहा देत होती. ती उठली नाही. तिनं खाटेवर हात थापटून आम्हालाच बसायला सांगितलं.

आम्ही बसलो. ती मालकीण होती आणि आम्ही पाहुणे. आमच्यासमोर ठेठरी आणि खुरमी आली, म्हणजे बेसनाची तिखट आणि गुळाची गोड, तीजासाठी घरोघर तळतात ती. स्लॅबची गोष्ट ऐकून केजाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं भोजराजची समजूत घातली. म्हणाली, सण उरकला की आम्ही सगळ्या येऊ, तुझा स्लॅब एका दिवसात टाकून देऊ, तू आज रडू नकोस. तिनं त्याला अहो-जाहो करणं केव्हा सोडलं ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

तिचा भाऊ बिसेसर आत-बाहेर करत होता. दुपार उलटत आली होती, आम्ही निघतो म्हणालो. तो म्हणाला, जेवूनच जा, आज करूभात आहे.

"करूभात म्हणजे?" मी विचारलं.

"करू म्हणजे कडू," बिसेसर म्हणाला. "उद्या निर्जळी उपास. म्हणून आजच्या रात्री लेकीला कारलं आणि भात वाढायचा. माहेरी आलेल्या प्रत्येक लेकीला. ती घरोघर जाऊन एकेक घास खाते."

मी ठेठरी तोंडाशी नेली होती ती तशीच राहिली. भोजराजकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

मामीजी मूळच्या डोंगरगडकडच्या, म्हणजे याच मुलखातल्या. तरुण असताना मामाजी तिकडं लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला होते आणि तिथूनच लग्न करून आले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणाच्याही लक्षात नव्हतं. मामीजींचे आईवडील लवकर गेले. एकच भाऊ होता, तोही भोजराज पाळण्यात असतानाच वारला. भाच्यांनी घर विकलं, भिलाईला गेले. त्यानंतर मामीजी कधी तिकडं गेल्या नाहीत आणि कोणी त्यांना न्यायलाही आलं नाही. त्यांची भाषा गेली, गाव गेलं, राहिली ती वर्षातून एकदा येणारी लहर.

"आमी नाकं मुरडत होतो," भोजराज म्हणाला. तो मराठीत बोलत होता आणि माझ्याशीही बोलत नव्हता. "मी आणि ताई. ताट सरकवून द्याचो. आई काहीच बोले नाही. एकटी खात बसे."

केजाबाईनं विचारलं, काय झालं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. माझा धंदा नुकसान मोजायचा, पण या नुकसानाचा आकडा मला काढता येईना. ऐकून झाल्यावर तिनं मामीजींच्या गावाचं नाव विचारलं. भर्रीटोला, भोजराज म्हणाला.

"भर्रीटोला? ते तर आमच्या शिवेला लागून आहे," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. तिच्या भाषेत ती काय बोलली ते मला पूर्ण कळलं नाही, पण कामावर रेजांना रांगेत उभं करतानाचा तोच आवाज होता. बिसेसर आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि काखेत एक पिशवी होती. तो आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसला.

"कुठं?" भोजराजनं विचारलं.

"बहिणीला आणायला," बिसेसर म्हणाला. "शिवेपलीकडची लेक म्हणजे आमचीच. मुलगा नेऊन सोडतो त्याला तीजा म्हणत नाहीत. भाऊ लागतो."

साकोलीपर्यंत भोजराजनं जीप कुठं थांबवली नाही. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. ओसरीवर मामाजी माझी वाट बघत बसले होते. इंद्रकला दारात आली आणि तिनं भुवया उडवून मला विचारलं, की काय ठरलं. मी बाजूला सरकून बिसेसरला वाट दिली. घरभर कारल्याचा वास होता.

बिसेसर उंबऱ्यापाशी थांबला. आत या म्हटलं तरी येईना. मामीजी ओले हात पुसत बाहेर आल्या, अनोळखी माणूस पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. बिसेसरनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"दीदी," तो म्हणाला, "तीजा लेगे बर आए हंव."

तीजाला न्यायला आलोय, एवढंच. मामीजी बोलायला लागल्या. आपली आई काय बोलतेय ते तिच्या दोन्ही मुलांना कळत नव्हतं. पहिले काही शब्द अडखळत आले, मग भराभर येत गेले. मला त्यातला 'भैया' एवढाच कळला, कारण तो त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. रडू आलं तेव्हा त्यांनी तोंड लपवलं नाही. मामाजी ओसरीवरून उठले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी बिसेसरसाठी स्वतः पाट मांडला.

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी करूभात खाल्ला. भोजराजनं दुसऱ्यांदा मागून घेतला. मामीजींनी वाढता वाढता त्याच्या तोंडाकडे पाहिलं, की हा नाक मुरडतो का. तो खाली मान घालून खात होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते कारल्यामुळं येतंय असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं. इंद्रकला माझ्या शेजारी होती. तिनं एक घास घेतला आणि मग बराच वेळ दुसरा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामीजी गेल्या. बिसेसरच्या पिशवीत केजाबाईची एक कोरी साडी होती, तीच नेसून गेल्या. त्यांनी मामाजींना विचारलं नाही, सांगितलं. बिसेसर जीपमध्ये पुढं भोजराजशेजारी बसला आणि त्या मागं, एखाद्या नव्या नवरीसारख्या बाहेर बघत.

जीप गेली तरी इंद्रकला रस्त्यावर उभी होती, म्हणून मामाजींनी चहा करायला घेतला. साखर सापडली, चहापत्ती सापडेना. सगळे डबे उघडून झाल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले.

"बोला जवाईबापू. काय धोका आहे त्या राज्यात?"

वाक्य मनात तयार होतं, ते मी म्हटलं. "मामाजी, ऐन कामाच्या वेळी बायका माहेरी निघून जातात."

मामाजींनी रिकाम्या चुलीकडे पाहिलं. "तो तर इथं पण आहे," ते म्हणाले. आणि मग, हळू आवाजात: "एवढी वर्षं ती गेली नाही, तर मले वाटलं, तिले जावंच वाटत नाही."

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मामाजीच म्हणाले, की शेतात रोवणी तिनं केली आहे, आल्यावर तिलाच विचारू. इतकी साधी गोष्ट आम्हा तिघा पुरुषांना पोळ्यापासून सुचली नव्हती.

मामीजी ऋषिपंचमी करून आल्या. घरी परतण्याआधी वाटेत त्या चंद्राकरांच्या गोदामावर गेल्या, कारण केजाबाईनं शब्द पाळला होता आणि आपल्या सगळ्या बायका घेऊन ती कामावर उतरली होती. मामीजी छत्री घेऊन दिवसभर खुर्चीवर बसल्या होत्या आणि मिस्त्र्यांना त्यांच्याच भाषेत बोलणी देत होत्या, असं भोजराज सांगतो. नारळही त्यांनीच फोडला. संध्याकाळी चंद्राकर येऊन स्लॅब बघून गेले. पुढच्या गोदामाचं बोलणं त्यांनी भोजराजशी नाही, मामीजींशी केलं.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. बोडीखालचं शेत विकायचं नाही. टेकडीकडचा वरचा तुकडा विका. पोराला जाऊ द्या. "पण तीजाच्या आठवड्यात काम बंद," त्या भोजराजला म्हणाल्या. "आणि काही झालं तरी दर तीजाले ताईले न्यायले येशील."

हे शेवटचं कलम माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं.

आता भोजराजचं ऑफिस रायपूरला आहे, केजाबाई त्याच्याकडे मुकादम आहे, आणि भाद्रपदात त्याच्या सगळ्या कामांवर मिक्सर झाकून ठेवलेले असतात. दुसऱ्या ठेकेदारांकडे बायका टिकत नाहीत, याच्याकडे नंबर लागतात. मामीजी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. बिसेसरनं त्यांचा एकही तीजा चुकवला नाही. शेवटच्या वर्षी त्यांना उठवत नव्हतं, तेव्हा त्यानं त्यांना उचलून गाडीत ठेवलं होतं.

आज सकाळपासून इंद्रकलेची बॅग दाराशी आहे. साठी उलटली, गुडघे धरतात, पण पायाला लाल रंग लावून ती खिडकीशी बसली आहे आणि दर गाडीच्या आवाजाला उठते आहे. भोजराज रायपूरहून निघालाय, आता देवरी ओलांडली असेल. काल रात्री तिनं मला कारलं करायला शिकवलं. दरवर्षी शिकवते, दरवर्षी मी विसरतो. मी जरा घाबरतच विचारलं, की यंदा किती दिवस राहणार.

ती खिडकीतून मागं न वळताच म्हणाली, "का? तुम्हाला स्लॅब टाकायचाय?"